पाहुण्याला गवत

२२ जानेवारी

विहीणबाई, नमस्कार.

माझी लेक, म्हणजे तुमची सून, इथे सुखरूप आहे. चार दिवस हवापालट म्हणून आली होती, ते चार दिवस जरा लांबलेत इतकंच. दिवसभर खिडकीपाशी बसून छापखान्याचे कागद तपासते आणि लाल पेन चालवते. जेवायला हाक मारली की येते, ताटातलं इकडचं तिकडे करते आणि उठते. तुमच्याकडचा विषय मी काढत नाही, तीही काढत नाही. नवरा-बायकोच्या भांडणात तिसऱ्यानं पडू नये म्हणतात. आपण तर तिसरी आणि चौथी.

लिहायचं कारण वेगळंच. थंडीत प्रवास सोसायचा नाही म्हणून तिनं तिचं ते कासवाचं पिल्लू तुमच्याकडे ठेवलंय. परवा दुकानात कुणीतरी कासवाची गोष्ट काढली, त्यावरून आठवलं. कसं आहे ते? काय खातं? तिनं विचारलेलं नाही, मी आपलं सहज विचारतेय.

फोन केला असता, पण फोनवर आपण दोघी नको ते बोलून बसू. पत्रात निदान खोडता येतं. शिवाय औषधांच्या दुकानात सध्या खोकल्याचा हंगाम आहे, गिऱ्हाइकांच्या मधल्या फटीत चार ओळी लिहिणं सोयीचं पडतं.

जावईबापूंना आशीर्वाद.

— मुलीची आई


४ फेब्रुवारी

विहीणबाई,

तुमचं पत्र आलं आणि मी शिलाईचं मशीन थांबवलं. सध्या एका मोठ्या हॉटेलचे पडदे शिवतेय. जांभळट निळं कापड, आणि इतकं की खोलीभर पसरूनही उरलंय. दुपारी ऊन त्याच्यातून आत येतं तेव्हा सगळी खोली पाण्याखाली गेल्यासारखी वाटते. भिंती निळ्या, माझे हात निळे, कात्री निळी. त्या उजेडात तुमचा पाहुणा सावकाश फिरत असतो. कापडाच्या एका घडीखाली शिरतो आणि बऱ्याच वेळानं भलत्याच घडीतून बाहेर येतो. तोवर मी टाका विसरलेली असते.

हो, मी त्याला पाहुणाच म्हणते. सूनबाईनं त्याचं नाव ढेकूळ ठेवलंय, पण सुनेच्या बाजूनं घरात आलेल्या जिवाला ढेकूळ म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पिवळी पाठ आणि तिच्यावर काळे ठिपके. बिबट्या कासव म्हणतात ना याला, ते उगीच नाही.

खाण्याची काळजी सोडा. सूनबाई जाताना म्हणाली होती, गवत घाला, पाला घाला. मी मनात म्हटलं, पोर रागात आहे, रागात माणूस काहीही बोलतं. पाहुण्यापुढे गवत ठेवायचं? उद्या तुम्हीच म्हणाल, आमच्या घरचं लेकरू यांनी गवतावर ठेवलं. तेव्हा सकाळी दुधात भिजवलेला पाव, दुपारी केळं किंवा किसलेलं सफरचंद आणि संध्याकाळी अर्धं उकडलेलं अंडं कुस्करून. केळं तर असा खातो की नाकाला लागलेलं पुसायला मला उठावं लागतं. आणि अंग कसं धरलंय म्हणून सांगू. सूनबाई गेली तेव्हा चहाच्या बशीत मावत होता, आता बशीच्या बाहेर आलाय.

काल शिवता शिवता कापडावरच डोळा लागला. स्वप्नात पाहुणा पडद्यावरून वर वर चढत होता, छताकडे, आणि त्याच्यामागे सगळी खोली हळूहळू ओढली जात होती. मला मुळीच भीती वाटली नाही. जाग आली तर तो माझ्या पायाशी झोपलेला.

आमचे चिरंजीव दिवसभर लिफ्ट दुरुस्त करत वरखाली करतात आणि घरी आले की तोंडातून शब्द काढतील तर शपथ. ‘ठीक आहे’ म्हणतात. काय ठीक आहे ते सांगत नाहीत.

सूनबाईला सांगा, मी तिच्या बाळाच्या खाण्यात काही कमी पडू देत नाही.

— मुलाची आई


१० फेब्रुवारी

विहीणबाई,

पत्र मिळालं. कृपा करून पाव-दूध आजच्या आज बंद करा. अंडं बंद. केळं, सफरचंद, सगळी फळं बंद.

माझ्याकडे एक जाडजूड पुस्तक आहे, त्यात पाहून लिहितेय. हे कासव गवताळ रानातलं. त्याचं पोट गवतासाठीच बनलेलं आहे. हरळीसारखं साधं गवत, सुकं गवत आणि पाथरीसारखा रानपाला हे त्याचं रोजचं जेवण. जास्वंदीची पानं आणि फुलं चालतील. निवडुंगाचं पान काटे काढून, चिरून द्यावं. पालक-कोबी रोज नको. जिथे औषधं फवारतात तिथलं काही तोडू नका. गोड खाल्लं की त्याचं पोट नासतं. अंड्या-दुधानं ते नको तितक्या वेगानं वाढतं, आणि हवेत कोरडेपणा असेल तर पाठीवरच्या कवचाची एकेक खपली उंचवटा होऊन वर येते. एकदा आलेला उंचवटा जन्मात खाली जात नाही. त्यानं बशीबाहेर येण्यात कौतुकाचं काही नाही. त्यानं सावकाश वाढायचं असतं.

सोबत समुद्रफेसाचा पांढरा तुकडा पाठवतेय, दुकानात होता. तो नुसता जवळ ठेवा, त्याला हवा तेव्हा कुरतडेल. पांढरी पूड आहे ती कॅल्शियमची, पाल्यावर चिमूटभर भुरभुरायची. कोमट पाण्यात त्याला अधूनमधून बसवा, पाणी हनुवटीच्या खालीच राहिलं पाहिजे. आणि खिडकीतलं ऊन दिसायला कितीही छान असलं तरी काचेतून आलेलं ऊन हाडांच्या कामाचं नसतं. त्याचा खास दिवा आहे तो रोज दिवसभर चालू हवा. संध्याकाळच्या चहाला उठताना आई खोलीतले सगळे दिवे मालवतात, त्यात तोही मालवतात.

हे सगळं पुस्तकातलं आहे.

— मुलीची आई


२७ फेब्रुवारी

विहीणबाई,

तुमचं पत्र वाचून पहिल्यांदा रागच आला. तिथे बसून उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं. मी मेली कापडातून उठून उठून त्याचं नाक पुसतेय आणि तुम्ही मला बंद, बंद, बंद लिहिताय. आणखी एक विचारू का? चहाला उठताना मी दिवे मालवते हे तुमच्या पुस्तकाला कसं कळलं? फार रागीट पुस्तक दिसतंय. माझा आशीर्वाद सांगा त्याला.

आता खरं सांगते. राग चार दिवस टिकला आणि मग पाहुणा आजारी पडला. पोट पाण्यासारखं झालं. डोळे मिटून एका जागी बसायचा, घडीखाली शिरेना की बाहेर येईना. टोपलीत ऊबदार फडकं घालून त्याला प्राण्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. तरुण बाई आहेत, हात गरम असलेल्या. त्यांनी काय खातो विचारलं. मी सांगत गेले आणि त्यांचा चेहरा बदलत गेला. पुस्तकात जे आहे तेच त्या म्हणाल्या, फक्त जास्त मऊपणानं. जिवावरचं टळलंय. पण पाठीवर मागच्या बाजूला तीन-चार ठिकाणी फुगवटे आलेत. मी बोट फिरवून पाहिलं. ते मी केलेत. लाडानं केलेत, पण त्याच्या पाठीला लाड म्हणजे काय ते कुठे कळतंय?

आता पंचाईत अशी की तो गवताला तोंड लावत नाही. जिभेला केळ्याची चटक लागलीय. ताटलीत पाला ठेवला की त्याच्यावरून चालत जातो आणि मी पाव ठेवायचे त्या कोपऱ्यात जाऊन थांबतो. माझ्याकडे बघतो. विहीणबाई, ते बघणं मला सहन होत नाही. मी पडद्यामागे जाऊन रडते.

एक बरं चाललंय. रोज सकाळी दाराबाहेर कुणीतरी ताज्या पाल्याची जुडी ठेवून जातं, धुतलेली, ओल्या कागदात गुंडाळलेली. वरच्या मजल्यावर निवृत्त मास्तर राहतात, जिन्यात त्यांना मी सगळं सांगितलं होतं. तेच असणार. चिरंजीवांना विचारलं तर म्हणाले, ‘ठीक आहे’.

— मुलाची आई


९ मार्च

विहीणबाई,

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. पुस्तक वगैरे काही नाही. तुमचं पहिलं पत्र मी जेवताना मोठ्यानं वाचत होते. अंड्यापर्यंत आले आणि लेकीच्या हातातला चमचा ताटात पडला. ती उठून माझ्या खुर्चीमागे उभी राहिली आणि म्हणाली, लिही. कित्येक दिवसांत तिचा असा आवाज मी ऐकला नव्हता. मी लिहीत गेले. त्या दिवशी ती पोटभर जेवली. म्हणून मी तुम्हाला पुन्हा पुन्हा लिहिते, हेही सांगून टाकते.

तुमचं आजारपणाचं पत्र तिनं स्वतःच वाचलं. मला वाटलं चिडेल. ती खिडकीत बसून राहिली आणि म्हणाली, ‘आईंना म्हणावं रडू नका, मी सांगूनही नीट सांगितलं नव्हतं.’ मग पुढचं तिनं असं सांगितलंय. त्याला चटक मोडायला वेळ द्यायचा. पाला आणि गवत अगदी बारीक चिरायचं, त्यात आधी आवडीचं नखभर मिसळायचं, पुढे पुढे तेही कमी करायचं. पिवळी आणि लाल फुलं वर ठेवायची, ती त्याला लांबून दिसतात. त्यानं तोंड फिरवलं तर फिरवू द्यायचं. पाण्यात बसवायचं, ऊबेत ठेवायचं आणि रोज त्याच वेळी तेच पुढे ठेवायचं. कोपऱ्यात जाऊन बघत बसला तर तुम्हीच दुसरीकडे बघायचं.

आता माझं. काल तिनं मला भांडणाचं कारण सांगितलं, आणि मला ते पोटात ठेवता येत नाही. जावईबापूंना समुद्राकाठच्या शाखेत बदली मिळत होती, बढतीसकट. राहायला बैठं घर, पुढे गवताचं अंगण. तिनं त्या घराचा फोटो पाहिला होता आणि मनानं ती तिथे राहायलाही गेली होती. त्यांनी बदली नाकारली. तिला न विचारता, न सांगता. तिला ते ऑफिसातल्या दुसऱ्याच माणसाकडून कळलं. का नाकारलीत म्हणून तिनं विचारलं तर म्हणाले, ‘ठीक आहे, इथेच बरं आहे.’

का नाकारली ते तिला ठाऊक आहे, मलाही कळतं आणि आता तुम्हालाही कळेल. तुमच्यासाठी. मला हे कठोरपणे लिहायचं नव्हतं. खोडून पाहिलं, पण दुसरं वाक्य सुचलं नाही.

— मुलीची आई


२९ मार्च

विहीणबाई,

उत्तराला उशीर झाला. तुमचं पत्र वाचलं आणि मी शिवतच राहिले. एक पडदा उलटा शिवला, उसवला आणि पुन्हा उलटाच शिवला. बदलीचं मला काहीसुद्धा ठाऊक नव्हतं. मी आपली मनातल्या मनात सुनेला नावं ठेवत होते, की बघा कशी घर टाकून गेली.

एका सकाळी पाहुण्याला उन्हात फिरवायला गच्चीवर नेलं. धुकं होतं, ऊन यायचं होतं. गच्चीवरून मागचा उतार दिसतो, तिथे गवत माजलंय. त्या धुक्यात कामाचे कपडे घातलेला एक माणूस उकिडवा बसून पाला खुडत होता. एकेक पान उलटं करून बघायचा, हुंगायचा आणि हत्यारांच्या पिशवीत ठेवायचा. मला वाटलं मी अजून झोपेतच आहे. इतकं निवांत काम करताना मी त्याला लहानपणानंतर पाहिलं नव्हतं. काखेत कळसा म्हणतात ते हेच. वरच्या मास्तरांना मी दोनदा केक नेऊन दिला होता, पाल्याबद्दल. ते बिचारे कशाबद्दल म्हणून न विचारता खात होते.

पाहुण्याला घेऊन मी तशीच सपातांनिशी खाली गेले आणि चिरंजीवांच्या शेजारी ओल्या गवतात बसले. म्हटलं, ‘बदली का नाकारलीस?’

तो पाल्याकडे बघत म्हणाला, ‘तू एकटी कशी राहशील?’

‘मला विचारलंस?’

‘नाही.’

‘तिला विचारलंस?’

‘नाही.’

‘मग विचारलंस तरी कुणाला?’

त्यानं खरोखर विचार केला आणि म्हणाला, ‘कुणालाच नाही.’

विहीणबाई, मुलाची आपल्यावर इतकी माया आहे हे ऐकून आईला बरं वाटायला हवं. मला वाटलं नाही. मला पाहुण्याची पाठ दिसली. या पोराचं तोंड उघडायच्या आधीच मी घास भरवत आले, भूक लागायच्या आत ताट वाढत आले. स्वतःला काय हवंय ते सांगायची वेळच याच्यावर कधी आली नाही, मग तो बोलायला शिकणार कुठून? आम्ही दोघं तिथे बराच वेळ बसलो. मी रडले, त्यानं माझ्या हातात पाथरीचं एक पान दिलं. दुसरं काही नव्हतं त्याच्याजवळ.

त्या गवतात पाहुणा सोडला होता. तो थोडं चालला, मान लांब केली आणि जमिनीतून उगवलेलंच गवत खाल्लं. कुणी चिरलेलं नाही, कुणी ताटलीत ठेवलेलं नाही. कुरकुर आवाज येत होता. धुकं वर जाईपर्यंत आम्ही तो ऐकत होतो. माझा जीव भांड्यात पडला.

चिरंजीवांनी ऑफिसात विचारलंय. ती जागा अजून भरलेली नाही. आता ते रोज सूनबाईला पत्र लिहितात आणि फाडतात. मी म्हटलं, पत्रं लिहायचं काम माझं आणि विहीणबाईंचं, तू गाडी पकड. थंडी गेलीय, पाहुण्यालाही ने. येत्या दोन-चार दिवसांत निघतील. बोलतील की नाही ते मी सांगू शकत नाही.

— मुलाची आई


१४ एप्रिल

विहीणबाई,

बोलले.

दुकानात गर्दी होती. जावईबापू रांगेत उभे राहिले, खोकणाऱ्यांच्या मागे, काखेत खोकं घेऊन. त्यांचा नंबर आला तेव्हा मी वर न बघताच विचारलं, काय हवंय. ते म्हणाले, ‘तिला भेटायचं होतं.’ मागची बाई हसली, मग मी वर पाहिलं.

लेक वरच्या घरातून जिन्यानं खाली आली. नवऱ्याकडे न बघता आधी खोकं उघडलं. ढेकळाला हातावर घेतलं, पाठीवरच्या फुगवट्यांवरून बोट फिरवलं, आणि मग प्रत्येक खपलीच्या कडेला जी नवी फिकट रेघ येतेय तिच्यावरून. ‘ही सपाट आहे,’ ती म्हणाली. ‘नवी वाढ सपाट आहे.’ जावईबापू म्हणाले, ‘मी रोज बघतो. पाथरी त्याला सकाळची आवडते, दुपारची कोमेजलेली नाही.’ माझ्यासमोर त्यांनी बोललेलं हे सगळ्यात लांब वाक्य.

नंतर ती दोघं मागच्या गोदामात औषधांच्या खोक्यांवर बसली. मी दुकान चालवत होते. शब्द कळत नव्हते, पण बहुतेक वेळ जावईबापूंचाच आवाज येत होता. मध्येच थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. मी एका गिऱ्हाइकाला चुकून दुप्पट गोळ्या दिल्या आणि दारातून परत बोलावलं.

तुम्ही स्वतःला दोष देताय, तर माझंही ऐका. पहिल्याच महिन्यात मी तिला म्हणू शकले असते, जा बाई, नवऱ्याशी भांडून तरी ये. म्हटलं नाही. आमचे हे गेल्यापासून टेबलावर एकच ताट असायचं, ती आल्यावर दोन झाली. मला ते आवडत होतं. तिला भूक नसताना मी तिसऱ्यांदा वाढत होते आणि तिला बरं वाटू नये असं नाही, पण लवकर वाटू नये असं मला वाटत होतं. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही.

परवा दोघं तुमच्याकडे येतील. बदलीचा हुकूम हातात आला की तिथून सामान घेऊन समुद्राकाठी.

— मुलीची आई


२ जून

विहीणबाई,

गेली दोघं. सूनबाईनं जाताना पाहुण्याला एकदा माझ्या मांडीवर ठेवलं. जड झालाय थोडा, पण बेताचाच. पाठीवरचे ते फुगवटे राहणार. सूनबाई म्हणाली, ‘असू देत, आई. त्यावरून तो इथे राहिला होता हे कळेल.’ असं बोलते ती, आणि मी हिला नावं ठेवत होते.

मला चला म्हणाली. हात धरून बसली. अंगणाच्या बाजूची खोली तुमची, मशीन तिथेच ठेवू म्हणाली. मुलगा दारात उभा राहून माझ्याकडे बघत होता. मला जावंसं वाटलं. इतकं वाटलं की उठून कपडेच भरायला घेतले असते. पण मला माझे हात माहीत आहेत. मी तिथे गेले की सकाळी उठून कुणाला तरी भरवायला लागणार. त्याला बोलायला आत्ता कुठे जमतंय, तो अर्ध्यावर आला की त्याचं वाक्य मी पुरं करणार. थोडे दिवस दोघांचं दोघांना वाढू दे, त्यांच्या वेगानं.

म्हणून खोटं बोलले. म्हटलं, एका नाट्यगृहाचं मोठं काम आलंय, रंगमंचाचा पडदा, मखमल, वर्षभर मान वर करायला फुरसत नाही. लाल रंगाचा, सोनेरी काठाचा, असं रंगवून सांगितलं. सांगता सांगता मला तो दिसायलाही लागला, खोलीभर. खरं असं की हॉटेलचे पडदे मागच्याच आठवड्यात गेले आणि पुढचं काम नाही. खोली रिकामी आहे. दुपारचं ऊन येतं ते साधं पांढरं. कालपासून मशीनवर हात ठेवून नुसती बसते, डोळा लागतो, जाग येते, आणि दोन्ही वेळा घर तितकंच शांत असतं. मला याची सवय नाही. हे फक्त तुम्हालाच सांगतेय.

सूनबाईला संशय आलाय. ती तुम्हाला फोन करून विचारेल. तुम्ही हो म्हणा. तुम्हाला लिहून कळवलंय म्हणा, मखमलीचा नमुनाही पाठवलाय म्हणा. खोटं बोलायला लावतेय, राग मानू नका.

— मुलाची आई


९ जून

विहीणबाई,

केला तिनं फोन. सांगितलं मी. मखमल लाल, काठ सोनेरी, काम वर्षभराचं, नमुना पाहिला, सुरेख आहे. तीस वर्षं औषधं विकतेय, चेहऱ्यावर काही न दाखवता बोलायची सवय आहे. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘आणि तू? तूही एकटीच ना तिथे?’

एवढी तयारी मी केलेली नव्हती. तोंडातून निघून गेलं, ‘छे, मी विहीणबाईंकडे निघालेय. एवढा पडदा एकट्या बाईच्यानं कसा होणार, हात लागतो दुसरा.’ ती इतकी खूश झाली की नवऱ्याला हाक मारून सांगितलं. दोघं हसत होती. ढेकूळ अंगणात गवत खातंय म्हणाली, बोलावलं तरी येत नाही.

आता हे खोटं पडता कामा नये. दुकान मदतनीस बाईंवर सोपवलंय, गुरुवारच्या गाडीनं मी येतेय. किती दिवस ते ठरवलेलं नाही. मला शिवण येत नाही, बटणसुद्धा धड लावता येत नाही. तेव्हा निदान टीप घालायला तरी शिकवा, कारण ती फोनवर खोदून विचारणार आणि काठ कसा बसवला ते मला सांगता आलं पाहिजे. थोडी लाल मखमल आणून ठेवता आली तर बरं. दोन ताटांच्या स्वयंपाकाची मला सवय आहे, तो मी बघेन.

स्टेशनवर यायचे कष्ट घेऊ नका. पाकिटांवर लिहून लिहून तुमचा पत्ता मला पाठ झालाय.

— मुलीची आई